पहाटे सव्वातीनचा फोन: पायावरच्या एका फ्री फ्लॅपचे प्रकरण

पार्श्वभूमी

इंदूरहून पिथमपूरला रोज शिफ्टला जाणाऱ्यांपैकी बरेच जण कंपनीच्या बसने जातात, काही मोटरसायकलवर. हे प्रकरण मोटरसायकलवाल्यांपैकी एकाचे, त्याच्या मोडलेल्या पायावर लावलेल्या फ्री फ्लॅपचे, म्हणजे अंगाच्या दुसऱ्या जागची कातडी रक्तवाहिन्यांसकट सुटी करून जखमेवर जोडण्याचे. वय तिशीच्या थोडे पुढे. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर उभ्याने काम. घरी बायको, पाच वर्षांची मुलगी, आई आणि थोरला भाऊ. पणजोबा होळकरांच्या चाकरीत इकडे आले आणि घर इथलेच झाले. घरात मराठी, दारात हिंदी. ओळख पटू नये म्हणून घरगुती तपशील थोडे बदलले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम जसाच्या तसा आहे.

जानेवारीची पहाट, रात्रपाळी संपवून परतीचा रस्ता, धुके, मागून ट्रक. डाव्या पायाची नडगी आणि तिच्या शेजारचे बारीक हाड घोट्याच्या चार बोटे वर मोडले, हाडाचे टोक बाहेर आले आणि पुढच्या बाजूची कातडी सोलून निघाली. जवळच्या एका रुग्णालयात त्याच दिवशी जखम धुतली आणि हाडे बाहेरून सळ्यांच्या सांगाड्यात, म्हणजे एक्स्टर्नल फिक्सेटरमध्ये, धरली. इथपर्यंत काम चोख होते. पुढचे पाच दिवस मात्र रोज ड्रेसिंग एवढेच झाले. घरच्यांना सांगितले गेले, ‘जखम लाल होऊ द्या, मग वरून कातडी लावू.’

जखमेत मांस असते तर ती लाल झालीही असती. उघड्या हाडावरचे पातळ आवरण एकदा सोलून गेले की त्या हाडावर कातडीचा पातळ तुकडा धरत नाही. त्याला खालून रक्त कोण देणार? हाड वाळत जाते, पिवळट पडते आणि जंतूंना घर मिळते. सहाव्या दिवशी ड्रेसिंगला वास यायला लागला, तेव्हा रुग्ण आमच्याकडे आला.

आमच्यासमोर काय होते

जखम 14 सेंटिमीटर लांब, 7 रुंद. त्यात जवळजवळ 6 सेंटिमीटर हाड उघडे. बोटे गरम होती आणि तळव्याला स्पर्श कळत होता. सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, दिसले की पायाच्या पुढच्या बाजूची धमनी मोडलेल्या जागी बंद पडली आहे, पण मागची धमनी घोट्यापर्यंत उत्तम चालू आहे. हाड मोडून उघड्या झालेल्या जखमांच्या गस्टिलो-अँडरसन वर्गवारीत हे तीन-बी: हाड उघडे, वरचे आवरण गेलेले, पण पाय जगवण्यापुरता रक्तपुरवठा शाबूत.

घरच्यांमध्ये एकवाक्यता नव्हती. भावाच्या ओळखीतल्या एकाने देवासला दोन वर्षे असाच पाय ओढला होता. प्लॉट विकला, नऊ ऑपरेशने झाली आणि शेवटी पाय कापावाच लागला. भावाने पहिल्याच भेटीत सरळ विचारले, ‘मॅडम, आत्ताच कापला तर?’ आईने त्याच्या दंडाला धरून त्याला गप्प केले आणि मला म्हणाल्या, ‘बाई, पाय ठेवायचा म्हणता, पण त्या पायावर तो उभा राहील का, ते सांगा.’ दोघांचेही प्रश्न रास्त होते. दोघांनाही तिथल्या तिथे ठाम उत्तर देणे मला शक्य नव्हते.

कोणते पर्याय तोलले

पाय कापण्याचा पर्याय आम्ही खरोखर तोलला. अशा जखमांवर अमेरिकेत 569 रुग्णांचा एक मोठा अभ्यास झाला होता आणि तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनंतर पाय वाचवलेले आणि पाय कापलेले यांच्या एकूण कामकाजात फारसा फरक नव्हता. वाचवलेल्यांना पुन्हा रुग्णालयात भरती मात्र जास्त वेळा व्हावे लागले. आपल्याकडे जयपूर फूट घालून शेतात चालणारे, उकिडवे बसणारे लोक आहेत, म्हणजे कापणे हा काही जगाचा अंत नव्हे. दुसऱ्या पारड्यात तळव्याची शाबूत जाणीव होती, चालू धमनी होती, तरुण वय होते. शिवाय नकली पाय दर काही वर्षांनी बदलावा लागतो आणि तो खर्च जन्मभर पाठ सोडत नाही. भावाला हे सगळे कागदावर लिहून दिले, अपयशाच्या शक्यतेसकट.

पाय ठेवायचा तर झाकायचा कशाने? पोटरीचा वरचा स्नायू गुडघ्याखालचा भाग झाकतो, त्याच्या आतला स्नायू मधला भाग झाकतो. खालच्या तिसऱ्या भागात, घोट्याच्या वर, हाताशी काहीच नसते. पोटरीच्या मागची कातडी उलटी खाली वळवून आणता येते. त्याला मायक्रोस्कोप लागत नाही, दोन तासांत काम होते. पण ती कातडी ट्रकच्या चाकाने रगडलेल्या भागातूनच येणार होती आणि रुग्णाला दिवसाला एक बंडल विडी लागत होती. दुसऱ्या पायाची कातडी या पायाला जोडून दोन्ही पाय तीन आठवडे बांधून ठेवण्याची जुनी पद्धत अजूनही काम देते, आणि जिथे मायक्रोस्कोप नाही तिथल्या शल्यचिकित्सकाने ती वापरली तर मी नाक मुरडणार नाही. आमच्याकडे मायक्रोस्कोप होता.

राहिला फ्री फ्लॅप. एका जागची कातडी आणि चरबी तिच्या स्वतःच्या धमनी-शिरांसकट पूर्ण सुटी करायची, जखमेवर आणायची आणि तिथल्या धमनी-शिरांना जोडून द्यायची. पुण्यात 1793 मध्ये गाडीवान कावसजीचे कापलेले नाक कपाळाच्या कातडीतून केले गेले आणि पुढच्या वर्षी ती हकिगत लंडनच्या मासिकात छापून आली. त्या कारागिराने कातडीचा देठ, म्हणजे तिला रक्त आणणारा जोडलेला भाग, तोडला नव्हता; तो भुवयांच्या मध्ये तसाच ठेवून कातडी खाली वळवली होती. पुढची पावणेदोनशे वर्षे सगळा व्यवहार देठ न तोडण्यावरच चालला. देठ तोडून पुन्हा जोडायचे तर दोन-तीन मिलिमीटरची नळी शिवता यायला हवी, आणि ते मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा जमले 1960 मध्ये. माणसावर असे फ्लॅप 1970 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत होऊ लागले.

आम्ही मांडीच्या बाहेरच्या बाजूचा फ्लॅप निवडला. त्याचा देठ लांब असतो, रुग्णाला पाठीवरच ठेवता येते आणि रुंदी आठ-साडेआठ सेंटिमीटरच्या आत राहिली तर मांडी सरळ शिवून बंद होते. मांडी कोणती, यावर थोडी चर्चा झाली. उजवीची घेतली तर दोन पथके एकमेकांना न अडखळता काम करतात. मी डावीच घ्यायची ठरवले, कारण पुढचे सहा महिने हा माणूस उजव्या पायावर उभा राहणार होता आणि त्या पायाला मला सुरीही लावायची नव्हती. या निर्णयाचा मला आजवर पश्चात्ताप नाही.

वेळेचा हिशोब

लुबियानाच्या मार्को गोदिना यांनी 532 रुग्णांचा आढावा घेतला होता. तो 1986 मध्ये, त्यांच्या अपघाती मृत्यूनंतर, छापून आला. पहिल्या 72 तासांत केलेल्या फ्लॅपपैकी 0.75 टक्के गेले. तीन दिवस ते तीन महिने या मधल्या काळात केलेल्यांपैकी 12 टक्के. आता जखमा धुण्याची आणि बंद ठेवण्याची साधने सुधारली आहेत, त्यामुळे तो आकडा आज जसाच्या तसा लागू होत नाही. पण कारण तेच आहे: दिवस जातात तसतशा आजूबाजूच्या शिरा सुजतात, ऊती चिवट होतात आणि शीर बाजूला काढताना ती फाटते.

सहाव्या दिवशी रात्री आम्ही पहिली सफाई केली. मेलेले स्नायू आणि रक्त न येणारे हाडाचे टोक काढले, जखमेवर व्हॅक्यूम ड्रेसिंग, म्हणजे आतला स्राव ओढून घेणारी बंद पट्टी, लावले. आठव्या दिवशी दुसरी सफाई. जखम स्वच्छ होती, त्याच बैठकीत फ्लॅप करता आला असता. मायक्रोस्कोप त्या दिवशी कान-नाक-घसा विभागाच्या यादीत होता आणि मी तो मागून घेतला नाही. एक दिवस असा गेला. पहिल्या रुग्णालयाच्या पाच दिवसांवर बोट ठेवताना हा आमचा एक दिवस मला मोजावाच लागतो.

ऑपरेशन

सकाळी नऊला सुरुवात. मांडीतला फ्लॅप 16 बाय 8 सेंटिमीटर. कातडीला रक्त देणारी बारीक फांदी स्नायूच्या आतून येत होती, म्हणून स्नायूचे धागे एकेक बाजूला करत तिचा मूळ धमनीपर्यंत माग काढला. देठ 11 सेंटिमीटर मिळाला: अडीच मिलिमीटरची एक धमनी आणि तिच्या दोन बाजूंनी दोन शिरा, एक जाड, एक जेमतेम सव्वा मिलिमीटरची.

पायाची मागची धमनी आम्ही कापली नाही. पुढची आधीच बंद. हीही कापून फ्लॅपला दिली तर पंजा एका बारीक धमनीच्या भरवशावर राहिला असता. तिच्या भिंतीत छोटी खिडकी करून फ्लॅपची धमनी बाजूने जोडली.

हे शिवणे जवळून पाहण्यासारखे असते. टाका नऊ-शून्य नायलॉनचा, केसापेक्षा बारीक. हवेत सोडला तर दिसतच नाही, हिरव्या कपड्यावर ठेवला तर भुरकट रेघ दिसते. धमनीची भिंत जाड असते, ती बोरूच्या तोंडासारखी उघडी राहते. शीर तशी नसते. ती भिजलेल्या टिश्यू पेपरसारखी चिकटून पडते, पुढची भिंत कुठे आणि मागची कुठे कळत नाही. मग तिच्यावर हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारे औषध, मिसळलेले सलाईन सोडायचे. पाण्यात ती फुलते, तोंड उघडते आणि तेवढ्या क्षणात सुई घालायची. पुढच्या भिंतीचा टाका घेताना मागची भिंत सुईत आली तर शीर जागच्या जागी शिवून बंद झालीच म्हणायची. यावर आलेक्सी कारेलने 1902 मध्ये उपाय लिहिला: तोंडावर सारख्या अंतराने तीन टाके घेऊन ओढून धरायचे, गोल तोंडाचा त्रिकोण होतो आणि मागची भिंत आपोआप दूर राहते. हा माणूस सुई धरायला ल्योनच्या भरतकाम करणाऱ्या बाईंकडे शिकला होता. त्याला 1912 चे नोबेल मिळाले, आणि आमचे निवासी डॉक्टर अजून कोंबडीच्या मांडीतल्या रक्तवाहिन्यांवर त्याचाच त्रिकोण गिरवतात.

धमनी झाली, जाड शीर झाली. सुट्या फ्लॅपला रक्ताविना 70 मिनिटे काढावी लागली. कातडी-चरबीच्या फ्लॅपला हे काहीच नाही. चिमटे सोडले तसा फ्लॅप गुलाबी झाला आणि कडांना ताजे रक्त दिसले. बारीक शीर तशीच होती. ती जोडायची तर आणखी पाऊण तास, दुपारचे साडेचार वाजलेले, रुग्णाचे अंग थंड पडू लागलेले. मी ती बांधून टाकली. त्या वेळी तो निर्णय मला साधा वाटला.

पहिली रात्र

सहा-साडेसहाला रुग्ण वॉर्डात आला. तक्ता लावला: दर तासाला रंग, दाबून सोडल्यावर रंग परत यायला लागणारा वेळ, तापमान, डॉपलरचा (रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राचा) आवाज. बाहेर पारा दहा अंशांच्या खाली होता. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून पलंगाशेजारी हीटर. तो लाल तापणाऱ्या सळ्यांचा होता.

रात्री एकची नोंद: गुलाबी, दोन सेकंद. दोनची नोंद: किंचित गडद, रंग झटकन परत येतो. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने येऊन डॉपलर लावला, धमनीचा आवाज खणखणीत होता. त्याने लिहिले, ‘ठीक. लक्ष ठेवा.’

इथे थोडे थांबावे लागेल. धमनी रक्त आणते, शीर परत नेते. धमनी बंद पडली तर फ्लॅप पांढरा, थंड, मऊ पडतो आणि ते कुणाच्याही लक्षात येते. शीर तुंबली तर आत येणारे रक्त चालूच राहते, आणि बराच वेळ डॉपलरही धमनीचा आवाज ऐकवत राहतो. फ्लॅप गरमच असतो. दाबल्यावर रंग उशिरा येण्याऐवजी एका सेकंदाच्या आत येतो, आणि नवख्याला वाटते, वा, रक्तपुरवठा जोरात आहे. पुस्तकातली रंगीत छायाचित्रे बहुधा गोऱ्या कातडीची असतात. त्यात निळसरपणा उठून दिसतो. आमच्या माळव्यातल्या गव्हाळ-सावळ्या मांडीवर तो उशिरा दिसतो, आणि हीटरच्या तांबूस उजेडात तर दिसतच नाही.

तीन वाजता सिस्टरने हीटर बंद केला, मोबाइलचा पांढरा दिवा लावला आणि फ्लॅप पाहिला. मग बारीक सुईने टोचले. काळपट रक्त लगेच वर आले आणि पुसले तरी येत राहिले. नियमाप्रमाणे तिने निवासी डॉक्टरला सांगायला हवे होते. त्याने तासाभरापूर्वीच ‘ठीक’ लिहिले होते. तिने मला फोन लावला: ‘मॅडम, हीटर बंद करके देखा है। फ्लॅप अच्छा नहीं लग रहा।’ घड्याळात सव्वातीन.

थांबायचे की उघडायचे

वीस-पंचवीस मिनिटांत मी पोहोचले. आधी पट्टी कापली. क्रेप बँडेज सुजेमुळे आवळले होते, आणि ते मीच बांधले होते. देठावरचे चार टाके काढले, पाय उशीवर थोडा बदलून ठेवला. फ्लॅप उजळला. दहा मिनिटांनी निवासी डॉक्टर म्हणाला, ‘मॅडम, सुधारतोय.’ भूलतज्ज्ञ फोनवर विचारत होते, सहापर्यंत थांबता येईल का, दिवसपाळीचा स्टाफ येईल.

हा या प्रकरणातला सर्वांत अवघड क्षण होता, आणि बाहेरून तो अवघड दिसत नाही. फ्लॅप खरोखरच सुधारला होता. पट्टीचाच दोष असेल तर प्रश्न मिटला होता. रुग्णाला बारा तासांत दुसरी भूल, थंडी, खर्च, आणि आत सगळे ठीक निघाले तर घरच्यांना काय सांगायचे? मी पंधरा मिनिटे घड्याळ लावून बसले. सव्वाचारला पुन्हा टोचले. पुन्हा काळपट रक्त. फ्लॅपची दूरची कड फुगून टणक लागत होती. शिरेत गुठळी असेल तर ती मागे फ्लॅपच्या बारीक वाहिन्यांत सरकत जाते, आणि तिथे एकदा सगळे गोठले की बाहेरची शीर कितीही छान उघडा, रक्त फिरत नाही. मी थिएटर उघडायला सांगितले.

भाऊ घरी गेला होता. बाहेरच्या बाकावर बायको शाल गुंडाळून बसली होती. संमतीचा कागद वाचून दाखवला. तिने एकच विचारले, ‘मांडीचं पण वाया जाईल का?’ मी म्हणाले, उशीर केला तर जाऊ शकेल. तिने सही केली.

पावणेपाचला आत गेलो. देठाखाली मुठीएवढे रक्त साकळले होते. त्याच्या दाबाने देठ वर उचलला गेला होता आणि हाडाच्या कडेवरून जाताना शीर नळाच्या पाइपसारखी मोडली होती. मोडीच्या मागे दोनेक सेंटिमीटर गुठळी. धमनीचा जोड नीट चालू होता, म्हणून त्याला हातही लावला नाही.

शीर कापली, गुठळी अखंड बाहेर आली, फ्लॅपच्या बाजूने काळे रक्त वाहू दिले. काही मिनिटांत ते लाल झाले आणि मी मगापासून रोखलेला श्वास सोडला. शिरेचा चेपलेला भाग काढून ती पुन्हा जोडली, देठ हाडाच्या कडेवरून काढून मऊ स्नायूवरून नेला. आणि ती बांधून टाकलेली बारीक शीर? तुंबल्यामुळे फुगून ती जवळजवळ दोन मिलिमीटरची झाली होती. तिचे टोक कापून कातडीखालच्या एका शिरेला जोडले. दुपारी ज्या कामाला पाऊण तास लागेल म्हणून सोडले, ते पहाटे फुगलेल्या शिरेवर अर्ध्या तासात झाले. साडेसहाला फ्लॅपचा रंग परत आला. देठावरची कातडी ओढून शिवली नाही. त्या जागी मांडीवरून घेतलेला कातडीचा पातळ तुकडा लावला. दिसायला ओबडधोबड, पण देठावर दाब नको होता.

पुढे काय झाले

फ्लॅप जगला. दूरच्या कडेचा साधारण दोन बाय दीड सेंटिमीटर तुकडा काळा पडला; तो काढला, ड्रेसिंगवर भरून आला. ऑपरेशननंतर दहाव्या दिवसापासून पाय पलंगावरून खाली सोडायला सुरुवात, आधी पाच मिनिटे, मग हळूहळू वाढवत. पाय खाली सोडला की फ्लॅप जांभळा होतो हे आधी सांगितले नव्हते, त्यामुळे पहिल्या दिवशी आई घाबरून वॉर्डभर ओरडत फिरल्या. चूक आमची.

विडी हा वेगळाच लढा होता. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात हे सांगून झाले, त्याने मान डोलावली, आणि पाचव्या दिवशी कारखान्यातला एक मित्र पोह्यांच्या पुडक्यात बंडल घेऊन आला. ते पकडले त्याच्या बायकोने. पोहे मात्र आम्ही खाऊ दिले. इंदुरात रुग्णाचे पोहे बंद करून कुणी वॉर्ड चालवू शकत नाही. चहा-कॉफीवर बंदी घालण्याची काही ठिकाणी रीत आहे. मला तिच्यामागे भक्कम आधार दिसत नाही, म्हणून मी घालत नाही.

हाडाचे काम लांबले. फिक्सेटर काढून इलिझारोव्हच्या रिंगा, म्हणजे हाड बाहेरून धरणारी गोल कडी, लावल्या, तीन महिन्यांनी फ्लॅपची एक कड उचलून कमरेच्या हाडाचा चुरा आत भरला. एका सळीच्या तोंडाशी जंतुसंसर्ग झाला, औषधाने आटोक्यात आला. हाड जुळायला नऊ महिने लागले. अकराव्या महिन्यात तो कामावर परतला, मशीनवर नाही; मालाची तपासणी करण्याचे बसून काम मिळाले. पाय सव्वा सेंटिमीटर आखूड आहे, घोटा पुरता वळत नाही. उकिडवे बसता येत नाही, आणि त्याचा त्याला पायाच्या आखूडपणापेक्षा जास्त जाच होतो.

फ्लॅप जाड आहे, सेफ्टी शूज त्यावरून चढत नाहीत. वर्षानंतर तो पातळ करून देऊ असे सुचवले. तो हसून म्हणाला, ‘आता तिथे सुरी नको मॅडम. पण हे केस?’ मांडीचे केस घोट्यावर जोमाने वाढले होते आणि मुलीने त्या जागेला ‘अस्वल’ असे नाव दिले होते.

आज वेगळे काय केले असते

आठव्या दिवशी मायक्रोस्कोप मागून घेतला असता. विनंती करायला मला संकोच वाटला, एवढेच त्याचे कारण होते.

देठाची वाट ठरवताना मी पाय टेबलावर सरळ असताना पाहिले. वॉर्डात पाय उशीवर, गुडघा थोडा वाकलेला. आता टाके घालण्याआधी पाय वॉर्डात जसा ठेवायचा आहे तसा ठेवून देठ कुठे मोडतो का ते पाहते, आणि देठाजवळ पण देठाला न टेकेल अशी निचऱ्याची नळी ठेवते. त्या दिवशी नळी होती, पण फ्लॅपच्या दुसऱ्या टोकाला. मुठीएवढे रक्त तिच्यापर्यंत पोहोचलेच नाही.

क्रेप बँडेज अशा पायावर आता आम्ही बांधत नाही. फिक्सेटरच्या सळ्यांवर पाय टांगता येतो, त्याला पट्टीची गरजच नव्हती. हात सवयीने चालला.

तक्ता बदलला. पूर्वी त्यावर ‘काही बदल वाटल्यास कळवावे’ असे होते. कुणाला कळवावे आणि किती बदल, हे नव्हते. आता लिहिले आहे: रंग एका सेकंदाच्या आत परत आला, किंवा टोचल्यावर काळपट रक्त आले, तर सिस्टरने थेट ऑपरेशन करणाऱ्याला फोन करायचा, मध्ये कुणालाही विचारायचे नाही. शेजारी एक रकाना वाढला, कोणत्या उजेडात पाहिले याचा. पलंगाशी पांढरी टॉर्च बांधलेली असते आणि लाल सळ्यांचा हीटर वॉर्डातून गेला, त्या जागी तेलाचा आला. निवासी डॉक्टरला मी रागावले नाही. शीर तुंबल्यावर डॉपलर खोटा दिलासा देतो हे त्याला शिकवण्याचे काम माझे होते आणि मी त्याला धमनीचाच आवाज ओळखायला शिकवला होता.

पहिल्या रुग्णालयातल्या अस्थिशल्यचिकित्सकाशी नंतर बोलले. तक्रार म्हणून नव्हे, अशी जखम पहिल्याच दिवशी फोटो काढून पाठवा, एवढेच सांगायला. त्यांचे म्हणणे असे की त्यांनी दुसऱ्याच दिवशी रेफर करायचे सुचवले होते आणि भावाने ‘आधी बघू’ म्हणून थांबवले. भाऊ म्हणतो असे काही झाले नाही. केसपेपरवर दोन्ही बाजूंनी काही लिहिलेले नाही.

दुसऱ्या शिरेवर आमच्यात अजून एकमत नाही. मी म्हणते, मिळत असतील तर दोन जोडाव्यात. एक मोडली तरी दुसरी आहे. माझा सहकारी म्हणतो, त्या रात्री रक्त साकळले होते आणि देठच उचलला गेला होता, दोन शिरा असत्या तर दोन्ही मोडल्या असत्या. शिवाय दोन शिरांत प्रवाह वाटला जातो, प्रत्येकीतला वेग कमी होतो, आणि संथ रक्त गोठते. दोन्ही बाजूंना छापील अभ्यास आहेत आणि आम्ही ते एकमेकांना पाठवून झाले आहेत. तेव्हापासून तो एकच जाड शीर नीट निवडून जोडतो. मी साडेचार वाजले असले तरी दुसरी शोधते, आणि भूलतज्ज्ञ घड्याळाकडे पाहत उभे राहतात.